भाड्याच्या घरातला त्रासदायक गॅस गिझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकरा वर्षं भाड्याच्या घरांत काढली आणि त्यांतल्या चार घरांत गॅस गिझर होता. पुढे स्वतःचं एक घर भाड्याने दिलं, तेव्हा हाच विषय पलीकडच्या बाजूनेही कळला. गिझरच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात. एकीत पाणी नीट तापत नाही, दुसरीत घरातली हवा बिघडते. पहिलीसाठी चार दिवस थांबता येतं. दुसरीसाठी एक आंघोळसुद्धा थांबू नये. म्हणून दुसऱ्या प्रकारचे प्रश्न आधी घेतले आहेत, जरी लोक ते सर्वांत शेवटी विचारतात.

आत्ता घरात गॅसचा वास येतोय. काय करू?

दिव्याचं, पंख्याचं, एक्झॉस्टचं कुठलंही बटण दाबू नका. चालू असलेलं बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करा, पाइपने गॅस येत असेल तर मुख्य कॉक बंद करा. दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेर गेल्यावरच गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. घरमालकाला त्यानंतर कळवा.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत आणि मोरीच्या खोलगट भागात साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, तो छताशी जमतो. त्यामुळे उभ्या माणसाला वास कमी आला म्हणून गळती किरकोळ आहे, असं समजू नका. शिवाय नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावतं.

आंघोळीनंतर डोकं जड होतं, मळमळतं. गिझरमुळे असेल का?

असू शकतं. आणि खात्री होईपर्यंत गिझरमुळेच आहे असं धरून चाला.

गॅस पुरेशा हवेशिवाय जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. गळती कळावी म्हणून इंधनात जो वासाचा पदार्थ मिसळतात, तोही ज्योतीत जळून जातो, म्हणजे नाक इथे काहीच सांगत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे चिकटतो. रक्त वाहत राहतं, पण ऑक्सिजन पोचत नाही. सुरुवातीला डोकेदुखी, चक्कर, मळमळ, हातापायांत अशक्तपणा जाणवतो. फ्लू झाल्यासारखं वाटतं, पण ताप नसतो. पुढे गोंधळल्यासारखं होतं, पाय उचलत नाहीत, शुद्ध हरपते. बाथरूममध्ये झटके येऊन पडलेल्या माणसावर अपस्माराचे उपचार सुरू झाले आणि कारण गॅस गिझर निघालं, अशी उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत.

माझ्या दुसऱ्या भाड्याच्या घरात हे मला झालं होतं. रोज दोन मिनिटांत आंघोळ आटपायची तेव्हा काहीच नाही, पण सुट्टीच्या दिवशी केस धुवायला वीस मिनिटं लागली की दिवसभर डोकं ठणकायचं. मी पित्ताच्या गोळ्या घेत राहिले. घरातल्या आणखी एकीला नेमकं त्याच दिवशी तसंच व्हायला लागलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तुम्हीही हेच तपासा: त्रास गिझर चालू असतानाच होतो का, एकापेक्षा जास्त जणांना होतो का, मोकळ्या हवेत गेल्यावर कमी होतो का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर गिझर बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. तिथे ‘घरात गॅस गिझर आहे’ हे आपणहून सांगा, कारण डॉक्टरांना ते कळायला दुसरा मार्ग नसतो. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला ऑक्सिजन चिकटलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही, त्यामुळे आकडा झकास दिसतो. रक्ताची वेगळी तपासणी असते, आणि ती जितकी लवकर होईल तितकी बोलकी असते.

आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नाही. आधी काय?

दार उघडा किंवा तोडा. तुम्ही स्वतः आत रेंगाळू नका. श्वास रोखून जा, माणसाला ओढत मोकळ्या हवेत आणा. गिझर आणि गॅस बंद करा, खिडक्या उघडा. दुसऱ्या कुणाला तरी लगेच रुग्णवाहिका बोलवायला सांगा. श्वास चालू नसेल आणि तुम्हाला येत असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा. माणूस शुद्धीवर आलं, बोलू लागलं, तरी दवाखान्यात न्यायचंच. उपचार म्हणजे ऑक्सिजन, आणि मेंदूवरचे परिणाम काही वेळा काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसतात.

या प्रश्नामुळे एक सवय लावून घेण्यासारखी आहे: गॅस गिझर असलेल्या घरात बाथरूमला आतून अशी कडी असावी, जी वेळ पडल्यास बाहेरून उघडता येईल. हे मालकाकडून सहज करून घेता येतं.

गिझर बाथरूमच्या आतच बसवलेला आहे. छोटी खिडकी आहे, ती उघडी ठेवली तर चालेल ना?

या प्रश्नाला मी नेहमी हिशोबानेच उत्तर देते, कारण ‘धोकादायक आहे’ एवढं ऐकून कुणी काही बदलत नाही.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर सुमारे १०.५ किलोवॅट उष्णता लागते. शेगडीचे मोठे चार बर्नर एकत्र पेटवल्यासारखं हे आहे. थोडी उष्णता वाया जाते हे धरलं तर तासाला जवळजवळ एक किलो एलपीजी जळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. आता दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब, अडीच मीटर उंच अशी बाथरूम घ्या. तिच्यात साडेसात घनमीटर हवा मावते. दार लावून पंधरा मिनिटं गिझर चालला, तर त्याने तीन घनमीटरहून अधिक हवेतला ऑक्सिजन संपवलेला असतो. खोलीतला ऑक्सिजन उतरायला लागला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण झपाट्याने चढतं. वितभर खिडकीतून एवढी हवा बदलेल याची खात्री कुणीही देऊ शकत नाही. बाहेर वारा पडलेला असेल तर मुळीच नाही. आणि थंडीत ती खिडकी कोण उघडी ठेवतं?

तेव्हा उत्तर: नाही, चालणार नाही. धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गिझर बाथरूममध्ये असूच नये. तो बाहेर, गॅलरीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी हलवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणायचा. ही मागणी करताना संकोच वाटू देऊ नका. हा चैनीचा आग्रह नाही.

तो हलेपर्यंत गिझर बंद ठेवून पाणी दुसऱ्या मार्गाने तापवणं हेच मी सांगेन. अगदीच निरुपाय असेल, तर दार आणि सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून, आत कुणी नसताना बादली भरा, गिझर बंद करा, बाथरूममध्ये चांगली हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा. लहान मुलं, गरोदर बाई, हृदयविकार असलेलं माणूस घरात असेल तर हा निरुपायाचा मार्गही नको.

एक्झॉस्ट फॅन लावला की प्रश्न सुटतो का?

कधी सुटतो, कधी वाढतो. फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा आत यायला वाट हवी. दार बंद, खिडकी बंद, आणि गिझरला धुराची नळी असेल, तर फॅन त्याच नळीतून हवा आत ओढू लागतो. जो धूर बाहेर जायचा तो उलटा खोलीत येतो. स्वयंपाकघरातली जोरकस चिमणी चालू असतानाही जवळच्या गिझरचं असं होऊ शकतं. फॅन असेल तर दाराच्या खाली जाळी किंवा झडप हवीच. ‘फॅन आहे ना’ हे वाक्य एकट्याने पुरेसं नाही.

धूर उलटा येतोय का, हे बघायला एक साधी युक्ती आहे. गिझर पाच-सात मिनिटं चालू द्या, दार-खिडक्या नेहमीसारख्या ठेवा, आणि धुराच्या नळीच्या तोंडाशी, जिथे ती गिझरला जोडते, तिथे थंड हातआरसा धरा. धुरात भरपूर वाफ असते. आरशावर बाष्प जमू लागलं तर धूर बाहेर न जाता तुमच्याकडे येतोय. लगेच बंद करा. मात्र आरसा कोरडा राहिला म्हणून सगळं ठीक आहे असंही समजू नका. मोजणी उपकरणानेच होते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यावा का? तो मालकाने द्यायचा की मी?

घ्यावाच. मालकाने दिला तर उत्तम. नाही दिला तर वाट पाहत बसू नका, स्वतः घ्या आणि घर सोडताना सोबत न्या. भिंतीला भोक न पाडता कपाटावर ठेवता येतात असे अलार्म मिळतात.

दोन गोष्टींत गल्लत होते. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. एलपीजीच्या गळतीचा अलार्म जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साइडचं वजन साधारण हवेइतकंच असतं, म्हणून त्याचा अलार्म पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर, बाथरूमच्या वाफेपासून जरा दूर आणि झोपायच्या खोलीत ऐकू जाईल असा ठेवतात. त्याच्या आतला संवेदक ५ ते १० वर्षांत निकामी होतो. मागे तारीख छापलेली असते. महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबा. आणि अलार्म आहे म्हणून बाथरूममधला गिझर चालवत राहणं हा त्याचा उपयोग नव्हे.

ज्योत पिवळी दिसते. लगेच बंद करायचं का?

हो. निरोगी ज्योत निळी आणि स्थिर असते. एखादी केशरी चमक धुळीमुळे दिसते आणि जाते, तिची काळजी नको. पण पिवळी, लांब, लवलवती ज्योत किंवा गिझरच्या अंगावर, वरच्या भिंतीवर काळा डाग म्हणजे इंधन अर्धवट जळतंय. कारण बहुतेक वेळा धूळ, जाळी-जळमटं किंवा काजळी असते: बर्नरची भोकं किंवा वरच्या तांब्याच्या पात्यांमधल्या फटी बुजलेल्या असतात. ही सफाई मेकॅनिकने करायची. ज्योतीचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या. मालकाला पाठवायला याहून बोलका पुरावा नाही.

गिझर लागतच नाही. मालकाला फोन करण्याआधी मी काय बघू शकतो?

आता त्रासाच्या, पण धोक्याच्या नसलेल्या गोष्टींकडे येऊ. टाकी नसलेल्या छोट्या गिझरचं काम समजून घेतलं की अर्धी भीती जाते. नळ सोडला की वाहत्या पाण्याचा दाब आतल्या रबरी पडद्यावर, म्हणजे डायफ्रामवर येतो. तो एक दांडी ढकलतो, दांडी एक बारीक स्विच दाबते, सेलवर चालणारी किट ठिणगी पाडू लागते आणि गॅसची झडप उघडते. ज्योत पेटली हे एका तारेच्या टोकाला कळलं नाही, तर काही सेकंदांत झडप आपोआप मिटते. या साखळीतली कुठलीही कडी निसटली की गिझर गप्प.

म्हणून याच क्रमाने बघा. पाण्याला जोर आहे का? टाकीत पाणी कमी असेल, शॉवरची भोकं क्षाराने बुजली असतील, तर पडदा ढकलला जाणारच नाही. शॉवर काढून नुसत्या नळाने लागतोय का ते पाहा. नळ सोडल्यावर टकटक आवाज येतो का? येत नसेल आणि पाणी जोरात असेल, तर पहिला संशय सेलवर. बहुतेक गिझरांत दोन मोठे सेल असतात. दोन्ही एकदम, एकाच प्रकारचे, नवे घाला आणि टोकांवरचा हिरवट-पांढरा गंज कोरड्या फडक्याने पुसा. घड्याळ किंवा टॉर्च त्याच सेलवर चालतेय म्हणून सेल चांगले ठरत नाहीत. ठिणगीला जास्त प्रवाह लागतो. तरीही काही नाही, तर पाणी बंद करून आत येणाऱ्या पाण्याच्या जोडावरची बारीक जाळी काढून धुवा. निम्म्या तक्रारी मी सेल आणि जाळी इथेच मिटलेल्या पाहिल्या आहेत.

टकटक आवाज येतो पण पेटत नाही, किंवा पेटून लगेच विझतो.

ठिणगी आहे, म्हणजे पाणी आणि सेल ठीक आहेत. गॅस येतोय का बघा: सिलिंडर संपत आलाय का, रेग्युलेटर नीट बसलाय का, नळीला पीळ पडलाय का. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते, दोन-तीनदा नळ उघड-बंद केल्यावर पेटतो. पेटून विझत असेल तर बऱ्याचदा ज्योत ओळखणाऱ्या तारेवर काजळी बसलेली असते किंवा ती जागेवरून हललेली असते. हे मेकॅनिकचं काम.

‘भप्प’ असा आवाज करून उशिरा पेटत असेल, तर मात्र वापर तिथेच थांबवा. गॅस आधी साचतो आणि मग एकदम भडकतो, असा त्याचा अर्थ. मी एका घरात हा आवाज महिनाभर चालवून घेतला होता, एके सकाळी पुढचं झाकण उडालं. सुदैवाने समोर कुणी नव्हतं.

अंगाला साबण लावला की पाणी गार! असं का होतं?

दुसऱ्या कुणी नळ सोडला की तुमच्या पाण्याचा जोर घटतो आणि गिझर विझतो. गार पाण्याचा नळ जास्त उघडून मिसळलं तरी काही ठिकाणी हेच होतं. अनेक छोट्या गिझरांत साधारण २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. तो बिघाड नव्हे, ती तुमच्याच रक्षणासाठी आहे, कुणाला सांगून काढून घेऊ नका. सिलिंडर छोटा आणि हवा थंड असेल तर गॅसचा दाब उतरतो आणि ज्योत बारीक होते.

थंडीत पाणी कोमटच येतं. गिझर खराब झालाय का?

नसेलही. गिझर पाण्याला ठरावीक तापमानावर नेत नाही, आलेल्या पाण्यात ठरावीक अंशांची भर घालतो. नळाचं पाणी २७ अंश असताना २५ अंशांची भर पडली की ५२ होतात. तेच पाणी १२ अंशांनी आलं तर ३७ वर थांबतं. पाण्याचा प्रवाह कमी करा, तेवढीच उष्णता कमी पाण्याला मिळेल. पण मागच्या थंडीत याच घरात चांगलं गरम येत होतं आणि आता येत नाही, असं असेल तर तांब्याच्या नळीत क्षाराचा थर बसलाय. तो औषध घालून काढता येतो. मालकाला सांगताना हा फरक सांगा, म्हणजे ‘थंडीत असंच होतं’ म्हणून तक्रार बाजूला पडत नाही.

आमच्याकडे मोठ्या टाकीचा गॅस गिझर आहे. त्याचं काय वेगळं?

त्यात बहुधा एक छोटी ज्योत कायम तेवत असते. ती पुन्हापुन्हा विझत असेल तर दोन शक्यता: वाऱ्याचा झोत, किंवा थर्मोकपल थकलेलं. थर्मोकपल म्हणजे ज्योतीत ठेवलेली दांडी. ती तापून २०-३० मिलिव्होल्टइतकी किंचितशी वीज तयार करते आणि त्यावरच गॅसची झडप उघडी राहते. दांडी स्वस्त आणि बदलणं सोपं, पण मेकॅनिकच्या हातून.

टाकीतून गडगड, फटफट आवाज येतो तो तळाशी साचलेल्या गाळामुळे. गाळाखाली अडकलेलं पाणी उकळून बुडबुडे फुटतात. टाकी वेळोवेळी तळातून रिकामी केली की कमी होतो. बाजूच्या सुरक्षा झडपेतून थेंब गळत असतील तर ती कधीही बूच लावून बंद करू नका. आत दाब वाढला तर टाकीला दुसरी वाट उरत नाही. टाकीच गळत असेल तर दुरुस्ती नाही, बदलायचीच. तापमानाचं म्हणाल, तर ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी काही सेकंदांत भाजतं आणि ४९ अंशांना मिनिटं लागतात. पण टाकीतलं पाणी फार कोमट ठेवलं तर २० ते ४५ अंशांत वाढणाऱ्या लिजिओनेला जिवाणूंना ते मानवतं. म्हणून टाकी गरम ठेवून नळाशी मिसळण्याची झडप बसवणं हा बरा मार्ग.

दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा?

आधी भाडेकरार उघडा आणि घराबरोबर दिलेल्या वस्तूंची यादी बघा. गिझर त्या यादीत असेल, तर तो चालू आणि सुरक्षित स्थितीत ठेवणं मालकाकडे, आणि सेल, जाळी, शॉवरची सफाई अशी रोजची निगा तुमच्याकडे, ही वाटणी मला न्याय्य वाटते. तुमच्या हातून काही तुटलं तर ते तुमचं. वयोमानाने रबरी पडदा फाटला, नळी कडक झाली, क्षार चढला, तर ते तुमचं नाही. करारात ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी’ असं असतं. तिथे किरकोळ म्हणजे किती, हे सही करण्याआधीच लिहून घ्या. धोक्याची दुरुस्ती किरकोळ या शब्दात बसत नाही, तिचा खर्च कमी असला तरी.

मालक म्हणतात, ‘आधीच्या भाडेकरूंची कधी तक्रार नव्हती.’ आता मी काय बोलू?

बोलू नका, लिहा. फोनवर वाद होतो आणि दोन्हीकडे काही उरत नाही. लिहिताना राग, जुनी उणीदुणी, भाडेवाढीचा विषय यांतलं काही आणू नका. काय दिसलं, केव्हापासून, काय केलं, काय हवंय आणि कधीपर्यंत, एवढंच. असं लिहिता येईल:

‘नमस्कार. बाथरूममधल्या गॅस गिझरबद्दल कळवतो आहे. गेल्या सोमवारपासून ज्योत पिवळी दिसते आणि वरच्या भिंतीवर काजळी धरली आहे. काल आंघोळीनंतर घरातल्या दोघांना चक्कर आली. सोबत फोटो आणि व्हिडिओ पाठवत आहे. आजपासून आम्ही गिझर बंद ठेवला आहे. गॅसच्या कामाची परवानगी असलेल्या मेकॅनिककडून तपासणी परवापर्यंत व्हावी ही विनंती. मी रोज संध्याकाळी सहानंतर घरी असतो. आपण वेळ कळवलीत तर दुपारीही थांबेन.’

‘गिझर बंद ठेवला आहे’ हे वाक्य महत्त्वाचं आहे. त्याने तुमचा जीव वाचतो आणि तक्रार गंभीर आहे हेही पोचतं. बहुतेक मालक दुष्ट नसतात. ते दूर राहतात, त्यांनी तो गिझर वर्षानुवर्षं पाहिलेला नसतो, आणि ‘पाणी गरम येत नाही’ हे त्यांना दहाव्यांदा ऐकलेलं गाऱ्हाणं वाटतं. ‘घरातल्या दोघांना चक्कर आली’ हे तसं वाटत नाही. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी त्याच संदेशाखाली आठवण लिहा, म्हणजे तारखा एका जागी दिसतात.

तरीही ते हलत नाहीत. मी दुरुस्ती करून भाड्यातून वळते करू का?

लेखी होकाराशिवाय नको. भाड्याचे कायदे जागोजागी वेगळे आहेत. एका ठिकाणी जो हक्क आहे तोच दुसरीकडे भाडं थकवणं ठरतं. आधी अंदाजपत्रक पाठवा आणि ‘एवढा खर्च मी करून पुढच्या भाड्यातून वजा करू का?’ असं विचारून ‘हो’ लेखी घ्या. ‘हो’ नाही आलं आणि धोका खरा असेल, तर गॅस पुरवणाऱ्या कंपनीला तपासणीसाठी बोलवा. त्यांच्या माणसाने धोकादायक ठरवून जोडणी बंद केली आणि तसं कागदावर दिलं, की तो कागद तुमच्या दहा संदेशांचं काम करतो. त्यानंतर स्थानिक भाडेकरू संघटना किंवा वकील.

मेकॅनिक आल्यावर मी काय बघायचं?

तिथेच थांबा, कामाची घाई करू नका. त्याने झाकण उघडून बर्नर आणि वरची पाती बघितली का? जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासले का? काडी पेटवून गळती शोधणाऱ्याला नम्रपणे थांबवा आणि दुसऱ्याला बोलवा. रबरी नळीवरची तारीख पाहिली का? भेगा पडल्या असतील तर ती जोडण्यापेक्षा बदलायला सांगा. धुराची नळी आत गंजलेली, मध्येच निसटलेली, पक्ष्याच्या घरट्याने बुजलेली असते; ती हाताने हलवून पाहायला सांगा. एखादा संवेदक ‘उगाच त्रास देतो’ म्हणून तारा जोडून त्याला वगळायचं कुणी सुचवलं, तर ठाम नकार द्या. काम झाल्यावर काय सापडलं, काय बदललं, हे बिलावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो मालकाला पाठवा, पैसे त्यांनी दिले असले तरी.

दुरुस्ती करावी की बदलायला सांगावं?

एका वर्षात तिसऱ्यांदा मेकॅनिक आला, पाणी वाहणारी तांब्याची नळी गळू लागली, सुटे भाग मिळेनासे झाले किंवा अंगावरची उत्पादनाची तारीखच पुसली गेली, तर बदलणं स्वस्त पडतं. बदलायचाच असेल तर तसाच पुन्हा त्याच खिळ्यावर नको. बंद कक्षाचा गिझर ज्वलनाची हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, खोलीतल्या हवेला हात लावत नाही. तो महाग असतो. जागा आणि वायरिंग परवडत असेल तर विजेचा गिझर घ्या, हे मी मालकांना उघडपणे सांगते.

मी घरमालक आहे. नवीन भाडेकरू येण्याआधी काय करू?

एकदा स्वतः त्या बाथरूममध्ये, स्वतःच्या घरातल्या माणसाला पाठवाल अशा नजरेने बघा. तपासणी करून घ्या, तारीख कागदावर ठेवा, नळी नवी घाला, अलार्म द्या, गिझरची पुस्तिका घरात ठेवा. गिझर कसा लावायचा आणि कधी बंद करायचा हे किल्ली देतानाच भाडेकरूला दाखवा. आणि त्यांनी वासाबद्दल किंवा चक्करेबद्दल कळवलं तर त्या दिवशीच माणूस पाठवा, कोण चुकलं हे नंतर बघता येईल.

घर बघायला जातोय. गिझरचं काय तपासू?

तो कुठे आहे हे आधी. मग नळ सोडायला सांगा आणि ज्योतीकडे बघा. निळी आहे का, लगेच पेटते का, वर काजळी आहे का, धुराची नळी खरंच बाहेर जाते की फक्त छतापर्यंत. शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा. नीट तपासलेल्या गिझरचा मालक तारीख सांगतो. ‘एकदम मस्त चालतो’ एवढंच उत्तर आलं, तर करारावर सही करण्याआधी ‘ताबा देण्यापूर्वी गिझरची तपासणी करून देऊ’ ही ओळ त्यात घालून घ्या, आणि किल्ली मिळाल्या दिवशी गिझरचा, नळीचा आणि मागच्या भिंतीचा तारखेसह फोटो काढून मालकाला पाठवा.